बैतूल पट्ट्यातील जस्त-तांबे खनिजस्थाने

मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यातील प्राचीन रूपांतरित (उष्णता व दाबाने बदललेल्या) खडकांच्या पट्ट्यात जस्त आणि तांब्याच्या सल्फाइडांची, म्हणजे गंधकाशी जोडलेल्या संयुगांची, विखुरलेली छोटी खनिजस्थाने आहेत. भुयारी, बांसखापा आणि मुआरिया ही त्यांतली परिचित नावे. ज्या मुलताईला तापी उगम पावते, ती याच जिल्ह्यात. पट्ट्याच्या उत्तरेला गोंडवन गाळखडक, तर दक्षिणेला दख्खनचा काळा पाषाण आहे. या दोन्हींहून कितीतरी जुने, प्रोटेरोझोइक काळातले (सुमारे २५० ते ५४ कोटी वर्षांपूर्वीचे) खडक मध्ये उघडे पडले आहेत.

मूळ खडक समुद्राखालच्या ज्वालामुखीचे : एकीकडे बेसाल्टी लाव्हा, दुसरीकडे सिलिकासमृद्ध रायोलाइट व त्याची राख. खनिजे प्रामुख्याने या दुसऱ्या गटाशी निगडित आहेत. समुद्रतळाच्या भेगांतून पाणी खोल झिरपे, शिलारसाच्या उष्णतेने तापे आणि खडकातले धातू विरघळवून वर येई. वर थंड पाणी भेटताच धातू गंधकाशी संयोग पावून साचत. हीच क्रिया आजही चालू आहे. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागराच्या तळाशी काळा धूर ओकणाऱ्या, सुमारे ३५० अंश सेल्सियस तापमानाच्या चिमण्या प्रत्यक्ष दिसल्या. तांबे विरघळलेले राहायला पाणी फार तापलेले लागते. ते निवू लागले की तांबे आधी, झऱ्याच्या मुखाजवळच बसते. जस्त पुढे बाहेरच्या कडेपर्यंत जाते. म्हणून अशा साठ्यात तांबे सहसा तळाशी व मधोमध, तर जस्त वर व कडेला सापडते.

जस्त स्फॅलेराइट या जस्ताच्या सल्फाइडात असते, तांबे चाल्कोपायराइट या तांबे-लोहाच्या सल्फाइडात. पायराइट आणि पायऱ्होटाइट ही लोहाची सल्फाइडे सोबतीला असतात, शिसे मात्र थोडे. नंतर डोंगर घडताना सारा ढीग दाबला, वळवला आणि तापवला गेला. त्यामुळे धातुकाचे, म्हणजे धातू मिळणाऱ्या खनिजाचे, पातळ भिंगासारखे तुकडे झाले. एक भिंग संपले की पुढचे कुठे, हे घड्या उलगडल्याशिवाय कळत नाही.

या पट्ट्यात खरे वाचण्यासारखे आहे ते धातुकाभोवतीचे खडक. गरम पाण्याने रायोलाइटातले सोडियम व कॅल्शियम धुऊन नेले. मॅग्नेशियम व लोह वाढले, ॲल्युमिनियम मागे राहिले. क्लोराइट या हिरवट, पत्रीदार खनिजाने भरलेला हा खडक रूपांतरणात तापला तेव्हा अँथोफायलाइट, कॉर्डिएराइट, गार्नेट असा खनिजांचा संच तयार झाला. असा खडक पाहून तो कधी रायोलाइट होता, हे ओळखणे अवघड. तपकिरी, पात्यांसारख्या अँथोफायलाइटाच्या जुड्या दिसल्या की भूवैज्ञानिक थांबतो, कारण त्या धातुकाभोवती फिरलेल्या गरम पाण्याची खूण असतात.

आणि गाह्‌नाइट. स्फॅलेराइटातले जस्त ॲल्युमिनियमशी जोडले जाऊन हे गडद हिरवे, काचेसारखे चमकणारे, स्पिनेल गटातले खनिज बनते. नाव स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ योहान गोटलीब गाह्न यांच्यावरून. पावसापाण्यात स्फॅलेराइट लवकर विघटित होते, त्यातले जस्त पाण्याबरोबर वाहून जाते आणि जमिनीवर लोहाच्या गंजाचा तांबूस-पिवळा थर, म्हणजे गॉसन, तेवढा उरतो. कुठे मॅलॅकाइट या तांब्याच्या खनिजाचे हिरवे डाग तांब्याची खूण देतात. गाह्‌नाइटाची कठिनता मात्र ७·५ ते ८, क्वार्ट्‌झहून अधिक. ते टिकते आणि ओढ्याच्या वाळूत उतरते. वाळू पाटीत हलवून धुतली की जड कणांत ते हाती लागते. धातुक नाहीसे झालेल्या जागी जस्त कधीकाळी होते, याचा इतका टिकाऊ साक्षीदार क्वचितच मिळतो. स्टॉरोलाइट या रूपांतरणात बनणाऱ्या खनिजातही इथे जस्त शिरलेले आढळते.

भारताच्या जस्त-शिसे साधनसंपत्तीचा सुमारे ९० टक्के भाग राजस्थानात आहे. तिथल्या रामपुरा आगुचा खाणीचा प्रचंड साठा गाळखडकांपासून बनलेल्या रूपांतरित खडकांत आहे. त्याच्या मापाने बैतूलची भिंगे मोजणे गैर. समुद्रतळाच्या गरम झऱ्याच्या मुखाजवळ साठलेले धातुक अनेकदा एकटे नसते. एका मुखाशेजारी दुसरे मुख असते, म्हणून लहान खनिजस्थानही पुढच्या शोधाची दिशा दाखवते.