टाकी धुतली, पण पाइप धुतला का?
1 ऑगस्टला बोट काढणाऱ्या मालक आणि तांडेल (बोट चालवणाऱ्या) मंडळींसाठी

1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत इंजिन उघडलं जातं, जाळी दुरुस्त होतात, रंग चढतो. खलाशी ज्यावर समुद्रात दिवस काढतात ते पाणी, शेगडी आणि दिवे मात्र शेवटच्या चार दिवसांवर जातात. आम्ही बोटींच्या पाण्याच्या टाक्या साफ करून देतो, मग जुलैअखेर आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: "टाकी घासली, ब्लीचिंग टाकलं, तरी पाण्याला वास येतोय."

बहुतेक वेळा वास पाइपात आणि पंपात असतो. बंदीत तिथे पाणी साचून राहतं आणि आतून बुळबुळीत थर धरतो. आपण टाकीतलं ब्लीचिंगचं पाणी उपसून टाकतो, नळातून ते सोडतच नाही. मग टाकी नव्याने भरली की पहिल्या दिवसापासून नळाला वास. भरलेलं सगळं पाणी ओतायचं आणि ऐन बर्फ चढवायच्या गडबडीत पुन्हा टँकरची वाट बघायची.

म्हणून आधी जुनं पाणी पूर्ण काढा, टाकी ब्रशने घासा, गाळ बाहेर घ्या. घाण तशीच राहिली तर ब्लीचिंगचा जोर तिच्यावरच संपतो. मग हजार लिटरला 200 ग्रॅम ताजी पावडर बादलीत कालवा, साका खाली बसू द्या आणि वरची निवळी पाण्याने भरलेल्या टाकीत ओता. आता प्रत्येक नळ उघडा, ब्लीचिंगचा वास आला की बंद करा. किमान चार तास तसंच ठेवून ते पाणी नळांवाटेच काढा आणि साध्या पाण्याने खळबळून घ्या. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचं औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

लोखंडी टाकी असेल तर हात जोडून सांगतो, झाकण उघडल्याबरोबर माणूस आत उतरवू नका. बंद टाकीतला गंज हवेतला प्राणवायू खातो आणि अशा हवेला वास नसतो. आम्ही आधी ब्लोअर लावतो आणि वर एक माणूस उभा ठेवतो. त्याची मजुरी बिलात दिसते. ती आम्ही कमी करणार नाही.

गॅसची नळी तडकली असेल तर चिकटपट्टी लावू नका, बदला. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळात जाऊन बसतो. बॅटरी चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा: 12.6 व्होल्ट किंवा वर असेल तर ठीक. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

25 जुलैनंतर आम्ही टाकीचं काम घेत नाही, यावर काही मालक रागावतात. पण घासणं, मुरवणं, धुणं आणि भरून वास तपासणं याला दोन दिवस लागतात. घाईत केलेलं काम समुद्रात उघडं पडतं आणि त्रास खलाशांना होतो.

पाइप फार जुना असेल तर धुण्यापेक्षा बदललेला परवडतो. पिण्याच्या पाण्यासाठीचा काळा पाइप आमच्याकडे मापाने कापून मिळतो. पारदर्शक पाइपात उजेड शिरतो आणि शेवाळ धरतं, म्हणून तो आम्ही ठेवत नाही. येताना जुन्या पाइपाचा वीतभर तुकडा आणा, म्हणजे जाडीचं माप चुकणार नाही.