मुंबईच्या पाट्यांवरची ‘फॅमिली’

सुट्ट्या लागल्या की मुंबईत मुलांना कुठे न्यावं आणि येताना कुठे खावं, याच्या याद्या निघतात. राणीची बाग, तारांगण, म्हातारीचा बूट, चौपाटी, आणि शेवटी एखादं ‘फॅमिली रेस्टॉरंट’. या याद्यांमध्ये ‘फॅमिली’ हा शब्द सहज येऊन जातो. या शहरात मात्र त्याने कोणी कुठे बसायचं, कोणी बसायचं नाही आणि कोणी किती पैसे मोजायचे, हे बराच काळ ठरवलं आहे. त्यामुळे मुंबईच्या कौटुंबिक सहलीचा इतिहास पाहायचा तर या शब्दाकडे पाहावं लागतं.

जुन्या जागांबद्दल फार सांगायला नको. भायखळ्याची राणीची बाग १८६२ सालची, तिच्या कुशीतलं वस्तुसंग्रहालय १८७२ चं, मलबार हिलच्या जलाशयावरचं हँगिंग गार्डन १८८१ चं. या जागा फुकट किंवा नाममात्र पैशांत पाहता येत. तिथे खाण्याची सोय नसे आणि तिची कोणाला गरजही वाटत नसे. सहलीचं जेवण घरून जायचं. आमच्या लहानपणी पितळी डब्यात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कागदाच्या पुडीत लिंबाचं लोणचं आणि फिरकीच्या तांब्यात पाणी, एवढा जामानिमा असे. झाडाखाली सतरंजी अंथरली की तिच्यावर कोण कोण बसलंय हे कोणी मोजत नसे. आत्या, तिची नणंद, शेजारच्या बिऱ्हाडातली दोन पोरं, सगळी त्या सतरंजीवर मावत.

हॉटेलात जाणं ही गोष्ट निराळी होती. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईतले बहुसंख्य कामगार एकटे राहत. गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या पुरुषांची बायकामुलं कोकणात, घाटावर असत. ते दिवसभर बाहेर आणि रात्री गाळ्यात दाटीवाटीने झोपायचे. जेवणासाठी महिन्याच्या बोलीवर खानावळ लावायची. गिरणगावातल्या अशा कित्येक खानावळी बायकांनी आपल्या राहत्या खोलीत चालवल्या, आणि त्यांच्या श्रमाची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही असं माझं मत आहे. चहापाण्यासाठी कोपऱ्यावरचा इराणी होता. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, आणि टेबलांशी सगळे पुरुष.

अशा ठिकाणी बाईमाणसाला घेऊन बसायचं कुठे? त्यावरचा इराण्याचा तोडगा म्हणजे ‘फॅमिली रूम’. काही ठिकाणी पोटमाळ्यावर, काही ठिकाणी मागच्या बाजूला लाकडी फळ्यांच्या अर्ध्या उंचीच्या खणांची रांग असे. प्रत्येक खणाला झुलतं अर्धं दार किंवा पडदा. आत चौघांपुरतं टेबल. आईबरोबर मी अशा एका खणात बसल्याचं मला लख्ख आठवतं. फळीत एक गाठ निखळून भोक पडलं होतं, त्यातून बाहेरच्या टेबलावरचा फक्त एक हात दिसत होता, बशीत चहा ओतणारा. आईने पदर सारखा केला, ब्रूनमस्का मागवला आणि चहा संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. हॉटेलात बसून चहा पिण्याची तिची ती पहिलीच वेळ होती, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

या ‘फॅमिली’चा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. मराठीत ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको. ‘कुटुंब गावाला गेलंय’ असं जुना माणूस म्हणाला तर घरातली दहा माणसं गेली असं कोणी समजत नसे. इंग्रजी शब्द मुंबईत रुळला तो याच अर्थाने. ‘फॅमिली गावाला आहे’ हे वाक्य आजही तुम्हाला लोकलमध्ये ऐकू येईल. म्हणजे ‘फॅमिली रूम’ची पाटी सांगत होती, बाई बरोबर असेल तर इथे. त्यामुळे बाप आणि तीन मुलगे आले तर त्यांना बाहेरच बसावं लागे, आणि कॉलेजातलं जोडपं बेधडक पडद्याआड जाई. या खणांनी कितीतरी लग्नं जमवली. एकटी बाई मात्र या रचनेत बसतच नव्हती. ती आत गेली तरी नजरा, बाहेर बसली तरी नजरा.

याच काळात माटुंग्याच्या आसपास दाक्षिणात्य जेवणघरं उभी राहिली. केळीच्या पानावर पंगत, पाहिजे तेवढा भात आणि रसम, सगळ्यांना एकाच ओळीत बसवून. गिरगाव-दादरला मराठी उपाहारगृहं आली, जिथे थालीपीठ, मिसळ आणि पियूष मिळे. तिथे बायका लवकर दिसू लागल्या, कारण ते पदार्थ घरचे होते आणि शिवाशिवीचा गोंधळ मनातून गेला नव्हता अशा सोवळ्या घरांनाही तिथे जायला हरकत वाटत नसे. तो भेदाचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे.

‘फॅमिली’ शब्दाला खरा पीळ पडला तो दारूबंदीने. १९४९ च्या कायद्यानंतर मुंबईत संपूर्ण दारूबंदी आली. साठच्या दशकापासून ती सैल होत गेली, पण कायदा रद्द झाला नाही. दारू पिणाऱ्याकडे परवाना हवा, ही अट कागदावर आजही आहे. परवानाधारकाने जिथे बसून प्यायची ती खोली म्हणजे ‘परमिट रूम’. सत्तरीनंतर इडली-डोशाच्या अनेक हॉटेलांनी आणि काही इराण्यांनीही हा परवाना घेतला, कारण नुसत्या चहावर जागेचं भाडं सुटेना. पण मग जुनं गिऱ्हाईक, म्हणजे मुलांना घेऊन येणारी माणसं, तुटण्याची भीती. म्हणून पाटीवर दोन्ही शब्द एकत्र आले: ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड परमिट रूम’.

परगावच्या पाहुण्यांना ही पाटी चक्रावून टाकते. दारू आणि मुलंबाळं एका ओळीत कशी? मुंबईकराला ती लगेच वाचता येते. तळमजल्यावर बार, जिना चढून गेलं की वातानुकूलित खोली, दारावर ‘फक्त फॅमिलीसाठी’, आणि मेन्यूकार्डावर तेच पदार्थ थोड्या चढ्या दराने. पुढे लेडीज बार वाढले, २००५ साली राज्याने डान्स बारवर बंदी घातली, ती न्यायालयात गेली. त्या सगळ्या वर्षांत ‘फॅमिली’ या शब्दावर आणखी एक काम येऊन पडलं: आमच्याकडे ‘तसलं’ काही नाही, ही ग्वाही देण्याचं. म्हणजे या शब्दाने आधी बाईला आडोसा दिला, मग दारूच्या दुकानाला अब्रू दिली. जागा एकच, पण आडोसा कोणाला मिळतोय ते बदललं. मला हा बदल मुंबईच्या खाद्यइतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पदार्थांच्या बदलापेक्षाही.

दरम्यान पाहायच्या जागा वाढत होत्या. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट १९५२ नंतरचा, वरळीचं तारांगण १९७७ चं, विज्ञान केंद्र १९८५ चं. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं. लाँचने खाडी ओलांडून तिथे जायचं ही आमच्या पिढीची वर्षातली एकमेव मोठी सहल. ते २०२२ मध्ये बंद झालं. तिथपासून दिवसभराचं तिकीट, आतच खाणं, ही पद्धत रुळली आणि घरचा डबा मागे पडला. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ मॉल उघडला तेव्हा आत शिरायला सुरुवातीला मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर ६० रुपये भरायचे. ती अट टिकली नाही. पण फूड कोर्टात मात्र सगळ्यांना एकत्र बसता आलं. ना पडदा, ना पोटमाळा. एकटी बाई तिथे निवांत कॉफी पिते, हे मॉलचं श्रेय त्याला द्यायला हवं.

आता राणीच्या बागेच्या तिकिटाचा २०१७ चा निर्णय. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत आठ हम्बोल्ट पेंग्विन दक्षिण कोरियातून आणले गेले. त्यातला एक ऑक्टोबरात दगावला. मुंबईच्या उकाड्यात १६ ते १८ अंशांचं दालन राखण्यावर पैसा ओतायचा का, यावर शहर दोन तट पडून भांडलं. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांना खुलं झालं, रांगा लागल्या, आणि १ ऑगस्टपासून बागेचं तिकीट वाढलं. तोवर मोठ्यांना ५ रुपये आणि लहानांना २ रुपये होते. ते ५० आणि २५ झाले, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला एकत्रित १०० रुपये.

समर्थकांचं म्हणणं असं की, चौघांना १०० रुपये हा आजच्या मुंबईत वडापाव-चहाचा खर्च आहे, आणि बागेची निगा राखायला उत्पन्न लागतं. ते खोटं नाही. गर्दीही हटली नाही. पण दराचा हिशेब करून पाहा. एकटी आई दोन मुलांना घेऊन आली तर ५० अधिक २५ अधिक २५, म्हणजे तेच १०० रुपये. वडील असते तर ते जणू फुकटात आले असते. नियम शब्दशः वाचला तर आई आणि आत्या मिळून दोन मुलांना आणतात तेव्हा १५० होतात. तिसरं मूल चौकटीबाहेर. पेंग्विनवर बोलणाऱ्यांनी या ओळीकडे फारसं लक्ष दिलं नाही. सव्वाशे-दीडशे वर्षं ज्या बागेत कोणी कोणाचं नातं विचारत नव्हतं, तिथे खिडकीवर पहिल्यांदा कुटुंबाची व्याख्या लिहिली गेली. मला दरवाढीपेक्षा हे जास्त खटकतं.

खाण्याच्या जागांत उलट घडलं. इराणी शेकड्यांनी होते ते आता मोजके उरले, आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच ठिकाणी खण काढून टाकलेत. परवा एका जुन्या हॉटेलात पोटमाळ्यावर बसलो. फरशीवर एका ओळीत चुन्याने भरलेली चौकोनी भोकं होती, फळ्यांचे खांब जिथे रोवलेले असायचे तिथे. त्या ओळीच्या बरोब्बर वर एक लांब टेबल टाकलं होतं, आणि दोन बहिणी, त्यांची पाच पोरं आणि एक म्हातारे काका खिमा-पाव खात बसले होते.