ब्रेक्झिटोत्तर ब्रिटनमधील परकीयांचे वास्तव्य व रोजगार

यूरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर युनायटेड किंग्डमने परकीय नागरिकांचा प्रवेश, वास्तव्य आणि काम करण्याची मुभा यांसाठी लागू केलेली नियमव्यवस्था. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री सदस्यत्व संपले, तरी संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालला. स्थलांतराच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती ही शेवटची तारीख. त्या दिवसापर्यंत ब्रिटनमध्ये राहत असलेले यूरोपीय नागरिक एका कायद्याखाली येतात आणि नंतर आलेले दुसऱ्या. एकाच गावचे, एकाच देशाचा पासपोर्ट बाळगणारे दोघे भाऊ या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पोचले असतील, तर त्यांच्या हक्कांत आज जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पूर्वस्थिती : ब्रिटनमध्ये मुक्त संचार (सदस्य देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत जाऊन राहण्याची व काम करण्याची मुभा) नेमका केव्हापासून सुरू झाला, याबद्दल एकमत नाही. एक पक्ष १ जानेवारी १९७३ हा दिवस धरतो. त्या दिवशी ब्रिटन यूरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले आणि १९५७ च्या रोम कराराने कामगारांना दिलेला हक्क तेथे लागू झाला. दुसरा पक्ष १ नोव्हेंबर १९९३ कडे बोट दाखवतो. मास्ट्रिख्ट करार त्या दिवशी अंमलात येऊन ‘संघाचे नागरिकत्व’ ही कल्पना रुजली आणि हक्क केवळ कामगारांपुरता उरला नाही. रोजगाराचा विचार करता पहिली तारीख अधिक सयुक्तिक वाटते. १९७१ चा इमिग्रेशन कायदाही १ जानेवारी १९७३ रोजीच अंमलात आला. राष्ट्रकुलातील, म्हणजे भारतीय उपखंड, कॅरिबियन व आफ्रिकेतील लोकांसाठी १९६२ पासून अरुंद होत आलेला दरवाजा त्या दिवशी आणखी लोटला गेला, आणि त्याच दिवशी यूरोपचा दरवाजा उघडला. ब्रेक्झिटनंतरच्या व्यवस्थेत यूरोपीय व भारतीय एकाच रांगेत उभे राहिले, त्याचे मर्म या पार्श्वभूमीवाचून कळत नाही.

मुक्त संचाराचा लाभ भारतीयांनाही अप्रत्यक्षपणे होत असे. यूरोपीय न्यायालयाच्या ७ जुलै १९९२ च्या सुरिंदर सिंग निकालानुसार, दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या ब्रिटिश नागरिकाच्या परकीय जोडीदाराला यूरोपीय कायद्याखाली ब्रिटनमध्ये राहता येऊ लागले. त्या प्रकरणातील पती भारतीय होता आणि दांपत्याने काही काळ जर्मनीत नोकरी केली होती. देशांतर्गत नियमांतील उत्पन्नाच्या अटी टाळण्यासाठी पुढे अनेक कुटुंबांनी हा मार्ग धरला. जुन्या नात्यांच्या आधारे तो वापरण्याची मुदत मार्च २०२२ अखेर संपली.

माघार करार व सेटलमेंट योजना : आधीपासून राहणाऱ्यांचे हक्क माघार कराराच्या, म्हणजे बाहेर पडताना ब्रिटन व यूरोपीय संघ यांच्यात झालेल्या कराराच्या, दुसऱ्या भागात नमूद आहेत. त्यातील अठराव्या अनुच्छेदाने प्रत्येक देशापुढे दोन पर्याय ठेवले. पहिल्यात हक्क अर्जाने आणि मंजुरीने निर्माण होतो. दुसऱ्यात तो कायद्यानेच मिळालेला असतो, कागद फक्त त्याची साक्ष देतो. ब्रिटनने पहिला पर्याय निवडला. संघातील ब्रिटिश नागरिकांबाबत फ्रान्स, नेदर्लंड्स, स्वीडन आदी तेरा देशांनी पहिला, तर जर्मनी, स्पेन, इटली, पोर्तुगाल आदींनी दुसरा स्वीकारला.

हा फरक वरवर तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात सगळी व्यवस्था त्यावरच तोललेली आहे. दुसऱ्या पर्यायात अर्ज करायला विसरलेला माणूस फार तर कागदाविना राहतो. पहिल्यात तो कायद्याच्या दृष्टीने तेथे राहतच नसतो. ब्रिटनची ईयू सेटलमेंट स्कीम ३० मार्च २०१९ रोजी पूर्णपणे खुली झाली आणि सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ ला संपली. तोवर ६० लाखांहून अधिक अर्ज आले. त्याआधी यूरोपीय रहिवाशांचे अंदाज ३५ ते ४० लाखांच्या आसपास बांधले जात होते. अर्जांत पुन्हा केलेले अर्जही मोजलेले असल्याने दोन आकड्यांची थेट तुलना करू नये. तरीही मूळ अंदाज तोकडे होते, हे स्पष्ट आहे. पाच वर्षांचे सलग वास्तव्य असणाऱ्यास ‘सेटल्ड’ आणि त्याहून कमी असणाऱ्यास ‘प्री-सेटल्ड’ दर्जा मिळतो. दोघांनाही नोकरी वा धंदा करण्यास वेगळी परवानगी लागत नाही.

प्री-सेटल्ड दर्जा सुरुवातीला पाच वर्षांपुरता होता. त्याआधी दुसरा अर्ज केला नाही तर तो आपोआप संपेल, अशी सरकारची भूमिका होती. नागरिकांच्या हक्कांवर देखरेख ठेवण्यासाठी माघार करारानुसार नेमलेल्या स्वतंत्र प्राधिकरणाने गृहखात्याविरुद्ध याचिका केली. सरकारचे म्हणणे असे, की हक्क अर्जानेच निर्माण होत असेल, तर पुढचा हक्कही पुढच्या अर्जानेच निर्माण व्हावा. प्राधिकरणाचे म्हणणे असे, की करार एकदाच अर्ज मागतो. एकदा मिळालेला हक्क करारात लिहिलेल्या कारणांनीच जाऊ शकतो आणि दुसरा अर्ज न करणे हे त्यांपैकी कारण नाही. २१ डिसेंबर २०२२ रोजी उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचे म्हणणे मान्य केले. पाच वर्षे पूर्ण होताच कायम वास्तव्याचा हक्क कराराच्या बळावरच मिळतो, असेही त्यात म्हटले आहे. सरकारने अपील पुढे चालवले नाही. सप्टेंबर २०२३ पासून दर्ज्याची मुदत आपोआप आधी दोन आणि पुढे पाच वर्षांनी वाढवण्याची पद्धत आली. या निकालाने ब्रिटनचा पर्याय बदलला नाही, असे काही कायदेपंडित म्हणतात आणि शब्दशः ते खरे आहे. परंतु पहिला अर्ज पार केलेल्यांपुरती व्यवस्था दुसऱ्या पर्यायाच्या बरीच जवळ सरकली, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

पहिला अर्जच राहून गेलेल्यांना या निकालाचा उपयोग नाही. वृद्ध, अनाथालयांतील मुले आणि जुन्या यूरोपीय नियमांखालील कायम वास्तव्याचा दाखला हाती असल्याने आपण सुरक्षित आहोत असे समजणारे, यांत हे प्रमाद विशेष घडले. तो दाखला ३० जून २०२१ नंतर निरुपयोगी झाला. चाळीस वर्षे एकाच घरात राहिलेल्या माणसाला आपण येथलेच आहोत हे अर्ज करून सांगावे लागते हे न सुचणे, यात त्याचा दोष धरता येत नाही. उशिरा अर्ज करण्यास ‘वाजवी कारण’ लागते आणि ऑगस्ट २०२३ पासून हे कारण अर्ज दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच तपासले जाऊ लागले. नात्यांबाबतही तारीख कठोर ठरली. महासाथीमुळे २०२० मध्ये लग्न नोंदवता न आलेल्या एका तुर्की अर्जदाराचा यूरोपीय पत्नीच्या आधारे केलेला दावा २०२२ मध्ये अपर ट्रिब्युनलने (वरिष्ठ न्यायाधिकरणाने) व २०२३ मध्ये अपील न्यायालयाने फेटाळला; मुदतीनंतरचे लग्न करारात बसत नाही, असे त्यात ठरले.

आयर्लंडचे नागरिक या सगळ्याबाहेर राहिले. ब्रिटन व आयर्लंड यांच्यातील सामाईक प्रवास क्षेत्राची जुनी व्यवस्था मुक्त संचार संपवणाऱ्या २०२० च्या कायद्याने १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात स्पष्ट शब्दांत घालण्यात आली. त्यांना व्हिसा वा सेटलमेंट अर्ज लागत नाही. २०२० संपण्यापूर्वीच दुसऱ्या देशात राहून ब्रिटनमध्ये कामाला येणाऱ्या यूरोपीय नागरिकांसाठी सीमापार कामगारांचा वेगळा विनाशुल्क परवाना आहे.

गुणांकन पद्धती : संक्रमणकाळानंतर येणाऱ्यांसाठी मुक्त संचार संपवणारा कायदा ११ नोव्हेंबर २०२० रोजी संमत झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून यूरोपीय व बिगर-यूरोपीय यांना एकच नियम लागू झाले. या पद्धतीला ‘गुणांवर आधारित’ म्हटले जाते. सार्वमताच्या प्रचारात ऑस्ट्रेलियाचा दाखला सतत दिला गेल्याने तिचे मूळ तिकडे शोधण्याचा प्रघात पडला. मात्र गुण मोजून स्थलांतरित निवडण्याची पद्धत कॅनडाने १९६७ मध्येच आणली होती आणि ब्रिटनमध्येही २००८ पासून पाच स्तरांची गुणांकन पद्धत होती. अधिक मूलगामी आक्षेप असा, की आजची पद्धत गुणांची नाहीच. कॅनडा-ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत वय, शिक्षण, भाषा यांचे गुण एकमेकांची उणीव भरून काढतात व नोकरी हातात असावीच लागते असे नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसाच्या मार्गात ७० गुण लागतात. त्यांतील ५० (परवानाधारक मालकाची नोकरी २०, कामाची पातळी २०, इंग्रजी १०) सक्तीचे, आणि उरलेले २० मुख्यतः पगाराचे. म्हणजे नाव गुणांचे असले तरी पाया मालकाच्या प्रायोजकत्वाचाच. हा आक्षेप रास्त आहे. त्याचा परिणाम असा, की कामगाराचे वास्तव्य एका मालकाशी बांधले जाते. नोकरी गेली की सहसा ६० दिवसांत दुसरा प्रायोजक शोधावा लागतो किंवा देश सोडावा लागतो.

पगाराची किमान मर्यादा सरकारच्या स्थलांतरविषयक सल्लागार समितीच्या शिफारशीनुसार वार्षिक २५,६०० पौंड ठेवली होती. ती एप्रिल २०२४ मध्ये ३८,७०० आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० पौंड झाली. कामाची किमान पातळी २०२० मध्ये पदवीवरून शालान्त शिक्षणाच्या आसपास आणली होती. ती जुलै २०२५ मध्ये पुन्हा पदवीवर गेली. रुग्णसेवकांसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये खुला झालेला मार्ग मार्च २०२४ मध्ये कुटुंबीयांना आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून होणाऱ्या नव्या भरतीला बंद झाला. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतून बदलीवर जाणाऱ्यांचा मार्ग एप्रिल २०२२ पासून ग्लोबल बिझनेस मोबिलिटी या नावाखाली आहे. त्यातून कायम वास्तव्य मिळत नाही. १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी वर्षाला ३,००० जागांची, सोडतीने निवडीची दोन वर्षांची योजना २०२३ पासून चालते. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीचा सर्वसाधारण काळ पाचवरून दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव आहे.

तपासणीचे काम मालकांवर व घरमालकांवर टाकलेले आहे. १ जुलै २०२१ पासून यूरोपीय पासपोर्ट एवढाच कामाच्या हक्काचा पुरावा उरला नाही. सेटलमेंटचा दर्जा संगणकीय नोंदीतच असतो आणि धारकाने तात्पुरता शेअर कोड (ती नोंद पाहू देणारा संकेतांक) काढून मालकाला द्यावा लागतो. बेकायदा कामगार ठेवल्यास फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येकी ४५,००० पौंडांपर्यंत, पुन्हा घडल्यास ६०,००० पौंडांपर्यंत दंड आहे. एवढ्या दंडाच्या धाकाने घाबरलेला मालक हक्क असलेल्यालाही परत पाठवतो, ही तक्रार गैरलागू नाही.

गोमंतकीयांचा प्रश्न : १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना विशिष्ट पिढ्यांपर्यंत पोर्तुगाल आपले नागरिक मानते, त्यासाठी जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात करावी लागते. या मार्गाने अनेक गोमंतकीय पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनला गेले. स्विंडन हे त्यांचे सर्वांत परिचित ठाणे. २०२० संपण्यापूर्वी तेथे राहत असलेल्यांना सेटलमेंट योजना लागू झाली आणि भारतीय पासपोर्टवरचे त्यांचे पती वा पत्नी, आईवडील व मुलेही, नाते आधीचे असल्यास, त्यात येऊ शकतात. नंतर जाणाऱ्याला मात्र कामासाठी इतर भारतीयांप्रमाणेच स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो. पोर्तुगीज पासपोर्टमुळे ब्रिटनला पाहुणा म्हणून जाणे तेवढे सोपे राहते. त्यासाठी एप्रिल २०२५ पासून आगाऊ प्रवास-संमती पुरते.

भारतीय बाजूने वाद वेगळा आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते. लिस्बनमधली जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व ‘घेणे’ होय काय? एका मते नोंदीचा अर्ज स्वतः केलेला असल्याने ती स्वेच्छाच. दुसऱ्या मते ती जन्मसिद्ध स्थितीची निव्वळ नोंद असून परकीय पासपोर्ट घेईपर्यंत काही घडत नाही. पासपोर्ट घेतल्यावर मात्र वाद फारसा उरत नाही, कारण नागरिकत्व नियमांनी तो निर्णायक पुरावा मानला आहे. जन्मनोंद करून भारतीय पासपोर्टवरच राहिलेल्यांचा प्रश्न यामुळे खराखुरा बिकट आहे. माघार कराराला अठराव्या अनुच्छेदात पडलेलाच प्रश्न येथेही उभा राहतो : नोंद हक्क निर्माण करते, की असलेल्या हक्काची साक्ष देते?