फाट्यानंतर शीतसंचयातील कूटचलन हलवणे

कूटचलनाच्या (क्रिप्टोकरन्सीच्या) ब्लॉकचेनला, म्हणजे ‘ब्लॉक’ नावाच्या पानांनी बनलेल्या व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीला, फाटा फुटल्यावर, इंटरनेटपासून दूर (शीतसंचयात) जपलेल्या चाव्यांखालची, म्हणजे नाणी खर्चण्याचा अधिकार देणाऱ्या गुप्त संकेतांखालची, नाणी दोन्ही शाखांवर सुखरूप ताब्यात घेण्याची पद्धत. ‘फोर्क’साठी विभाजन, दुभंग हे शब्दही चालतात, येथे ‘फाटा’ पसंत केला आहे, कारण फाट्यावर जुना रस्ता संपत नाही, त्याला दुसरा फुटतो. ‘कोल्ड स्टोरेज’साठी शीतगृह हा शब्द मात्र विदर्भात टाळलेला बरा, तिथे त्याने मिरची-संत्र्यांचे गोदामच डोळ्यांपुढे येते.

फाट्याचा नेमका क्षण कोणता, याबद्दल मतभेद आहेत. बिटकॉइनपासून फुटलेल्या बिटकॉइन कॅशची तारीख सर्वत्र १ ऑगस्ट २०१७ अशी मिळते. पण काही जण ४,७८,५५८ हा शेवटचा सामाईक ब्लॉक प्रमाण मानतात, तर काही ४,७८,५५९ हा नव्या शाखेचा पहिला ब्लॉक. दोहोंत काही तासांचे अंतर होते. मालकी ठरवताना पहिले मत अधिक ग्राह्य वाटते : सामाईक ब्लॉकपर्यंत नाणे ज्याच्या चावीखाली होते, त्यालाच दोन्हीकडचे मिळाले. नव्या शाखेने सहीची रीतही आरंभापासून वेगळी ठेवली. इथेरियमच्या फाट्यावेळी (२० जुलै २०१६, ब्लॉक १९,२०,०००) तसे नव्हते. वाटणीनंतरही एकच सही दोन्ही सातबाऱ्यांवर चालावी, तसा एका शाखेवरचा व्यवहार दुसरीवर जसाच्या तसा लागू करता येई. यालाच ‘रीप्ले’ म्हणतात. साखळीचा क्रमांक सहीत गुंफण्याचा उपाय (ईआयपी-१५५ हा इथेरियमचा सुधारणा-प्रस्ताव) त्याच वर्षी नोव्हेंबरात आला. बिटकॉइन कॅशमधून २०१८मध्ये निघालेल्या बिटकॉइन एसव्हीच्या फाट्यावेळी मात्र असे संरक्षण नव्हते.

कृतीत क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. आधी नवी शब्दमाला (जिच्यापासून चाव्या बनतात असे १२ किंवा २४ शब्द) तयार करून मूळ नाणी तिच्याखालच्या पत्त्यावर हलवावीत. प्रथम थोडी, मग उरलेली. बिटकॉइनवर सहा पुष्ट्यांना (व्यवहाराच्या ब्लॉकसह सहा ब्लॉक जोडले जाण्याला) साधारण तास लागतो. त्यानंतरच जुनी शब्दमाला फाट्याच्या नाण्यांच्या पाकिटात (वॉलेट, म्हणजे चाव्या व नाणी हाताळणाऱ्या ॲपमध्ये) घालावी. क्रम उलटल्यास अनोळखी पाकीट मूळ नाणीही नेऊ शकते. २०१७मध्ये बिटकॉइन गोल्डच्या बनावट पाकिटाने नेमके हेच केले. रीप्ले-संरक्षण नसेल, तर फाट्यानंतर एकाच शाखेवर खणलेल्या (मायनिंगने नव्याने तयार झालेल्या) नाण्याचा अंश व्यवहारात मिसळून दोन्ही शाखा आधी वेगळ्या कराव्या लागतात.

ग्रामीण विदर्भात शब्दमाला कागदावर राहिली, तर वाळवी आणि टिनाखालचा उन्हाळा हे तिचे खरे शत्रू. उष्णतेने थर्मल कागदावरची अक्षरे जातात. धातूच्या पट्टीवर कोरणे उत्तम. शब्दांची झेरॉक्स काढू नये, सेवा केंद्राच्या संगणकावर ते टंकू नयेत. व्यवहार जाळ्यावर पोचल्यावर लाइन गेली तरी घाबरू नये. पुष्ट्या गावाबाहेर चालूच राहतात. विक्रीच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२पासून ३० टक्के कर आहे.