हाय-रेझ डिस्क: कस कोणाचा लागतो, साच्याचा की ध्वनिमुद्रणाचा?

१९९९ मध्ये एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ बाजारात आली. सीडीहून वरच्या दर्जाचा, म्हणजे ‘हाय-रेझ’ आवाज देणारे हे डिस्कचे दोन साचे (फॉरमॅट). पहिलीत डीएसडी पद्धतीने १ बिट आणि सेकंदाला २८,२२,४०० नमुने, दुसरीत स्टिरिओसाठी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला १,९२,००० नमुने). ऐकणाऱ्यांनी तुलनेचा सोपा मार्ग धरला: सीडी आणि डीएसडी असे दोन्ही थर असलेली हायब्रिड एसएसीडी लावायची, बटण दाबून सीडीचा थर आणि डीएसडीचा थर आलटूनपालटून ऐकायचे. हा कौल निरुपयोगी आहे. दोन थरांचं मास्टरिंग (डिस्कसाठी अंतिम प्रत, म्हणजे मास्टर, तयार करणं) पुष्कळदा वेगळं असतं, पातळीही सारखी नसते, आणि कानाला किंचित मोठा आवाज सरस वाटतो. आधी १ किलोहर्ट्झचा सूर सोडून स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावं. फरक ०.१ डेसिबलच्या आत हवा, म्हणजे एकीकडे २.०० व्होल्ट तर दुसरीकडे फार तर २.०२. मग काय वाजतंय हे न सांगता १६ वेळा ओळखायला लावावं. १२ बरोबर आले तर दखल घ्यावी.

२००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या चाचणीत थरांचा घोळ टाळला होता. डिस्क तीच, प्लेअर तोच, फक्त वाटेत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा, म्हणजे सीडीच्या दर्जाचा टप्पा घालायचा किंवा काढायचा. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे छापा-काटाच. त्यावर आक्षेप आला की त्या डिस्कांचं मूळ ध्वनिमुद्रण तरी हाय-रेझ होतं का? आक्षेप रास्त आहे, कारण जुन्या टेपा आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झचे मास्टर या डिस्कांवर सर्रास चढवले गेले. २०१६ मध्ये १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरं सुमारे ५२ टक्के निघाली. कान तयार केलेल्यांची त्याहून बरीच जास्त.

गोंधळाचं मूळ ‘हाय-रेझ’ या शब्दातच आहे. २०१४ मध्ये अमेरिकी उद्योगाने डाउनलोडसाठी व्याख्या ठरवली: सीडीहून वरच्या दर्जाच्या स्रोतावरून केलेलं मास्टर. सोबत स्रोताचे चार संकेत दिले, त्यातला एक चक्क १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडी मास्टरसाठी! व्याख्येने बाहेर ठेवलेलं संकेताने आत घेतलं. खरेदीदाराच्या हाती उरला फक्त साच्याचा आकडा.

स्रोत तपासायचा तर एसएसीडीचं अॅनालॉग आउटपुट २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवर मुद्रित करून स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे याचा आलेख) पाहावा. २२ किलोहर्ट्झपाशी कडा तुटल्यासारखी दिसली तर स्रोत बहुधा ४४.१ चा. त्याही पुढे वर चढत जाणारा उंचवटा दिसतो, त्याला संगीत समजू नये. तो डीएसडीचा गोंगाट. दोन स्वरांमधल्या शांततेतही तो तसाच राहतो.