पाइप गाडला, पाण्याचं काय? कोकणातल्या उतारांची पार्श्वभूमी

कोकणात दरड कोसळली की दोन कारणं हमखास पुढे येतात, अतिवृष्टी आणि वृक्षतोड. दोन्ही खरी आहेत. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या डोंगरांत आणखी एक काम झालंय, ज्याच्यावर एकदा माती ओढली की ते दिसतच नाही. तेल, गॅस आणि पाण्याच्या पाइपलाइन. रस्ता दिसतो, रेल्वेची कटिंग दिसते, चिऱ्याची खाण तर लांबूनही दिसते. गॅसच्या लाइनीचा पत्ता लागतो तो फक्त रानात उभ्या असलेल्या पिवळ्या खांबांवरून आणि ‘येथे खोदू नये’ अशा पाट्यांवरून. त्यामुळे तिने उताराचं काय केलं हा प्रश्न आपल्याकडे उशिरा आला, आणि अजूनही अर्धवटच विचारला जातो.

आधी एक खुलासा. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे जवळपास दोनशे माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून अधिक, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत तर मृत आणि बेपत्ता मिळून तितकीच. या दरडींचं खापर पाइपलाइनवर फोडण्यात अर्थ नाही. त्या आठवायच्या त्या एवढ्यासाठी की, कोणी हात न लावलेला कोकणचा उतारसुद्धा किती काठावर उभा असतो ते त्यांतून कळतं. अशा उतारात चर खणायचा तर काय सांभाळावं लागतं, हा पुढचा सगळा मामला.

सह्याद्रीच्या या बाजूला मोठे पाइप पहिल्यांदा उतरले ते पाण्याचे. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, मग भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये. घाटमाथ्यावर पाणी साठवायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडून जनित्रं फिरवायची. भिऱ्यासाठीच्या मुळशी धरणावरून सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. पण तो झगडा धरणाखाली गेलेल्या जमिनीचा होता. उतारावरच्या पाइपांबद्दल कोणी बोललं नाही, आणि तसं फारसं कारणही नव्हतं. ते पाइप जमिनीवर होते, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसवलेले. ठोकळा सरकला, खालची माती धुपली, तर पाहणाऱ्याला लगेच दिसायचं. शिवाय तो उतार कंपनीच्या रोजच्या देखरेखीखाली होता. पुढे गाडलेल्या पाइपांच्या काळात नेमक्या याच दोन गोष्टी हातच्या गेल्या.

गाडलेल्या पाइपांचा काळ सुरू झाला तो १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याने. कायदा हुशारीने बांधलेला आहे. जमीन संपादित करायची नाही, फक्त जमिनीखालचा वापरहक्क घ्यायचा. सातबारावर मालक तोच, शेती त्याचीच. मात्र त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर किंवा तळं खणायचं नाही, झाड लावायचं नाही. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, शिवाय पीक आणि झाडांची नुकसानभरपाई. देशावर ऊस-ज्वारीच्या शेतातून लाइन गेली तर पुढच्या हंगामात नांगर पुन्हा त्यावरून फिरतो. कोकणात वरकस, म्हणजे भात न पिकणाऱ्या उताराच्या, जमिनीवरचं उत्पन्न म्हणजे आंबा आणि काजू. तिथे ‘झाड लावायचं नाही’ म्हटलं की तो पट्टा कायमचा उजाड. आणि उतारावरचा उजाड पट्टा हे निव्वळ बागायतदाराचं नुकसान राहत नाही, मुळं जी माती धरून ठेवत होती ती सुटते.

मुंबई हायमध्ये १९७४ ला तेल लागलं, काही वर्षांत समुद्राच्या तळावरून पाइप उरणला आले. १९८५ मध्ये मुंबईहून पुण्याला पेट्रोल-डिझेल नेणारी लाइन घाट चढून गेली. ही कामं उत्तर कोकणातली, बरीचशी सपाट खाजणातून आणि रुळलेल्या वाटांनी झालेली. दक्षिणेकडची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथली जमीनच वेगळी.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारावर, पावलाखाली असतो जांभा. सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याच्या खाली पांढरट, पिवळट, कुठे जांभळट अशी चिकणमाती, आणि तिच्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून सरळ खाली जातं, चिकणमातीवर अडतं आणि तिच्यावरून आडवं सरकत सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. वाड्या वसल्या त्या बहुतेक याच झऱ्यांच्या आसऱ्याने, म्हणजे नेमक्या सड्याच्या पायथ्याशी. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, या व्यवस्थेतून निमूटपणे वाहून जातो. महाड-पोलादपूरकडे जांभा कमी; तिथे कुजलेल्या काळ्या दगडावर माती-गोट्यांचा जाड थर बसलेला असतो. भिजला की तो खालच्या खडकावरून सुटतो आणि चिखलाचा लोंढा होऊन खाली येतो.

आता या जमिनीत पाइप घालायचा. पाइप असेल दोन-अडीच फूट जाडीचा, त्यावर किमान मीटरभर माती हवी, म्हणजे चर जवळजवळ दोन मीटर खोल. तेवढ्याने भागत नाही. पोकलेन, वेल्डिंगची गाडी, पाइप उचलणारी यंत्रं यांना फिरायला साधारण वीस मीटरचा पट्टा लागतो आणि तो आडवा सपाट लागतो. उतारावर सपाटी करायची म्हणजे डोंगराच्या बाजूने कापायचं आणि निघालेली माती दरीच्या बाजूला लोटायची. वरच्या अंगाला कापलेली उभी कड आणि खालच्या अंगाला गवतावर नुसता पसरलेला सैल भराव, अशी दोन्ही संकटं एकाच कामात तयार होतात. भराव पाणी शोषतो, जड होतो आणि त्याला खाली पकडायला काही नसतं.

खरी मेख मात्र चरात आहे. चर बुजवला तरी आतली माती आजूबाजूच्या न हललेल्या जमिनीइतकी घट्ट बसत नाही. पाणी सोपी वाट शोधतं, म्हणजे चरात शिरतं आणि पाइपाच्या कडेने उतारावर धावत सुटतं. जमिनीखाली पन्हळ बसवल्यासारखंच ते. सड्यावर पसरून झिरपणारं पाणी गोळा होऊन एकाच जागी, बहुधा लाइन वळते किंवा उतार बदलतो तिथे, चिकणमातीच्या थरावर ओतलं जातं. वरून बघणाऱ्याला ऑगस्टमध्ये एवढंच दिसतं की पट्टा वीतभर खचलाय, त्यावर गवत वेगळं आलंय आणि जिथे कधी झरा नव्हता तिथून गढूळ पाणी येतंय. गढूळ हे महत्त्वाचं. स्वच्छ पाणी आलं तर झरा, गढूळ आलं तर आतून माती निघते आहे.

उपाय कोणाला माहीत नाहीत असं नाही. चरात ठरावीक अंतरावर वाळूच्या पोत्यांचे आडवे बांध घालायचे, म्हणजे पाणी पाइपाच्या कडेने धावत नाही. पृष्ठभागावर तिरके उंचवटे करून पाणी पट्ट्याबाहेर काढायचं. काढलेली वरची माती वेगळी ठेवून शेवटी परत पसरायची, काथ्याच्या जाळ्या अंथरायच्या, गवत धरेपर्यंत थांबायचं. पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, ओलांडताना त्याचं तोंड बुजू द्यायचं नाही. कोकणातल्या कोणत्याही शेतकऱ्याला यातलं निम्मं पाठ असतं. गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, घालताना पाण्याला वाट ठेवायची हे त्याला शिकवावं लागत नाही. अडतं ते वेळेशी. काम करायला मोकळा काळ नोव्हेंबर ते मे, आणि पाइप जोडून, तपासून, गाडून होईपर्यंत मे उजाडतो. जी कामं राहतात ती शेवटची, म्हणजे हीच. आणि मृग लागतो ७ जूनच्या आसपास.

उतार कापला तर त्याचं बिल कधी येतं, हे कोकण रेल्वेने दाखवून दिलं. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला झाला. पहिले काही पावसाळे निभावले. मग २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी गेले. वर्षभरात, १६ जून २००४ ला, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस. त्यानंतर कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या ठोकल्या, पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालवल्या, गस्त वाढवली. म्हणजे मार्ग खुला झाल्यावर पाच-सहा वर्षांनी उताराने हिशेब मागितला. रेल्वेला निदान रोज तिथून जायचं असतं, त्यामुळे तिचं लक्ष असतं. गॅसच्या लाइनीवर लाइनवॉकर फिरतो, पण त्याचं मुख्य काम कोणी खोदत तर नाही ना आणि गळती तर नाही ना हे बघणं. खालच्या वाडीवर माती येते का, हा त्याच्या वहीतला रकाना नव्हे.

याच सुमारास दक्षिण कोकणात गॅस आला. एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ ला सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला, २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला. त्याला गॅस द्यायला पनवेलहून रायगड ओलांडून लाइन आली. २०१३ मध्ये दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी, सुमारे हजार किलोमीटरची लाइन सुरू झाली. ती सह्याद्री चढूनच जाते, दुसरा रस्ता नाही.

त्या दशकात बाहेर काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. पेरूमध्ये अॅमेझॉनच्या जंगलातून अँडीज ओलांडणारी कामिसेआ लाइन ऑगस्ट २००४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दीड वर्षात पाच वेळा फुटली. वेल्डिंग वाईट की जमीन सरकली, यावर बराच वाद झाला. रशियाच्या साखालिन बेटावर सुमारे ८०० किलोमीटर लांबीच्या तेल आणि गॅसच्या लाइनी टाकताना हजारावर नद्या-ओढे ओलांडावे लागले. उघड्या पडलेल्या उतारांवरची माती सामन मासे अंडी घालतात त्या ओढ्यांत गेली. सप्टेंबर २००६ मध्ये रशियन सरकारने प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी मागे घेतली आणि डिसेंबरमध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा सरकारी गाझप्रोमकडे वळला. राजकारण उघड होतं, पण ओढ्यातला गाळ खोटा नव्हता. अमेरिकेत पेनसिल्वेनियात १० सप्टेंबर २०१८ ला, गॅस सोडून जेमतेम आठवडा झालेला असताना, उतार सरकून नवी कोरी लाइन तुटली आणि पेटली. एक घर जळालं, सुदैवाने कोणी दगावलं नाही. तिथला वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे तेवढा एकट्या जुलैत पडतो.

आपल्या कायद्याला यातलं काय दिसतं? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत तेल-वायूच्या पाइपलाइनला पूर्वमंजुरी लागते ती लाइन अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, प्रवाळ किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातून जात असेल तरच. पश्चिम घाटातलं असं क्षेत्र कोणतं, यावर गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ मध्ये, आणि तेव्हापासून मसुद्यामागून मसुदे. वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ ला सहावा निघाला. त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर आहेत. दाभोळच्या लाइनी पडल्या तेव्हा यातलं काहीच अंतिम नव्हतं. १९६२ चा कायदा तर ज्याच्या जमिनीतून पाइप जातो त्यालाच ओळखतो. त्याला नोटीस, त्याला हरकतीचा हक्क, त्याच्या कलमांचा पंचनामा. (सामायिक सातबारावर तीस नावं आणि त्यातली पंचवीस मुंबईत, ही कोकणातली आणखी एक गंमत.) पट्ट्याच्या खाली दोनशे मीटरवर ज्याचं घर आहे, ज्याच्या खाचरात तो भराव उतरणार आहे, तो या व्यवहारात कोणीच नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी फट ही आहे. वाळूची पोती नंतर.

मोठ्या लाइनींना निदान मानकं आहेत, तपासणारं नियामक मंडळ आहे. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं आणि गावोगाव नळाच्या पाण्यासाठी छोटे चर पडले, पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेने, घरांच्या मागून, कुठे पाखाडीच उकरून. पाइप हाताच्या मनगटाएवढा, चर गुडघाभर, त्यामुळे त्याला उताराचा धोका म्हणून कोणी मोजत नाही. पण टाकी वाडीच्या वर बांधतात, कारण पाणी उतारानेच यायला हवं. म्हणजे चर डोंगरावरून थेट परसात येतो, आणि यातल्या पाइपात पाणी बारा महिने असतं. जोड सुटला तर चिकणमातीला पावसाची वाटही बघावी लागत नाही. पावसात अशी गळती ओळखूच येत नाही, ती शोधायची एप्रिल-मेमध्ये. सगळा डोंगर करपलेला असताना चराच्या कडेला हिरवं गवत दिसलं की तिथे खणून बघायचं.