गाठीचा तुकडा काढायलाच हवा का?

‘सुई लावली की गाठ चवताळते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. माणसं सोनोग्राफी, सीटी, पेट स्कॅन निमूट करून घेतात आणि बायोप्सीचं, म्हणजे गाठीचा तुकडा किंवा पेशी काढून तपासण्याचं, नाव निघालं की थबकतात. पण स्कॅनमधून कळतं ते गाठ कुठे आहे आणि केवढी आहे एवढंच. ती कशाची आहे, हे पेशी पाहिल्याशिवाय बहुधा ठरत नाही. क्षयाची गाठसुद्धा पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखीच उजळते.

पेशी पाहण्याचा पाया बर्लिनमध्ये घातला गेला. योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये गाठींची सूक्ष्मदर्शकाखालची रचना मांडली. त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५८ मध्ये रोगाचं मूळ पेशीत शोधायला शिकवलं. ‘बायोप्सी’ हा शब्द १८७९ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ अर्नेस्ट बेनिए यांनी रूढ केला.

त्यानंतरची कहाणी मला फार महत्त्वाची वाटते. १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. जर्मन डॉक्टरांना स्वरयंत्राच्या कॅन्सरचा संशय होता, शस्त्रक्रियेची तयारीही झाली होती. इंग्लंडहून आलेले घशाचे डॉक्टर मोरेल मॅकेन्झी म्हणाले, आधी तुकडा तपासा. फिर्खोंना तुकड्यात कॅन्सर दिसला नाही, शस्त्रक्रिया रद्द झाली. एवढ्याशा तुकड्यावरून सगळ्या आजाराबद्दल सांगता येणार नाही, हेही फिर्खोंनी नोंदवलं होतं. नोव्हेंबरपर्यंत कॅन्सरच असल्याचं उघड झालं. सम्राट झाल्यावर ९९ दिवसांनी, १५ जून १८८८ रोजी फ्रेडरिक वारला.

पुढे तंत्र सुधारलं. १९०५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी तुकडा गोठवून, ऑपरेशन चालू असतानाच निदान सांगण्याची पद्धत बसवली. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्टिन आणि एलिस यांनी सुईने पेशी ओढून तपासल्याचं प्रसिद्ध केलं. आजची एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून केलेली तपासणी, त्यातूनच वाढली. मुंबईत १९४१ मध्ये टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तिथे डॉ. वसंत खानोलकरांनी विकृतिशास्त्राचा, म्हणजे पेशी-ऊती तपासून रोग ओळखण्याच्या शास्त्राचा, भक्कम पाया घातला.

सुईमुळे कॅन्सर पसरणं फार विरळ. तरी काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात: लहान मुलांच्या डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा हा कॅन्सर, वृषणाची गाठ. सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या, यकृतातल्या कॅन्सरचं निदान अनेकदा सीटी-एमआरआयवरच होतं. बाकी बहुतेक गाठींना तुकडा लागतोच. आणि रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’ असा येऊनही गाठ वाढत असेल, तर दुसऱ्यांदा तुकडा द्यायला कचरू नये.